पोस्टमनकाका हजर

"अहो, खरं सांगा, कॉलेजात कशाला निघालाय? पदवीसाठी की गप्पांसाठी?" डबा हातात देत बायकोने विचारलं.

"गप्पांसाठी," पोस्टमनकाका म्हणाले.

चाळीस वर्षं दारोदार हाका मारून काका निवृत्त झाले, आणि बोलायला कुणी उरलं नाही. दोन वर्षं ते बायकोला पेपर मोठ्याने वाचून दाखवत होते, अगदी निविदांच्या जाहिरातींसकट. तिचा जीव मेटाकुटीला आला होता. शेवटी तिनेच प्रवेशाचा अर्ज आणून दिला.

"एक तरी मित्र जोडून या," तिने बजावलं. "नाहीतर उद्यापासून पेपर मनातल्या मनात वाचायचा."

काकांनी वर्गात पाऊल टाकलं आणि सगळा वर्ग उठून उभा राहिला. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट आणि काखेत बॅग पाहिल्यावर पोरं दुसरं काय करणार? काकांना मात्र वाटलं, नव्या माणसाचं एवढं स्वागत! हल्लीची मुलं लोक म्हणतात तितकी वाईट नाहीत. "बसा, बसा," ते म्हणाले. सगळे बसले.

टेबलावर शिपायाने ठेवलेली नावांची यादी होती. नावं लिहिलेला कागद दिसला की काकांचा हात आपोआप पुढे होई. शिवाय मैत्री करायची तर आधी नावं नकोत का कळायला? त्यांनी बंद दारापुढे मारावी तशी खणखणीत हाक दिली. "हजर," उत्तर आलं. काकांनी नावापुढे खूण केली आणि पुढचं नाव वाचलं. मध्येच त्यांचं स्वतःचं नाव आलं. स्वतःला कशाला हाक मारायची, म्हणून ते पुढे सरकले.

यादी संपत आली तेव्हा एक मुलगी धापा टाकत दारात आली.

"उशीर का झाला गं?"

"खोलीच सापडेना. पहिलाच दिवस आहे."

"नाव?"

तिने सांगितलं. यादीत ते नव्हतं. "काही बिघडत नाही, शेवटी लिहितो. जा, मागे बस."

ती काहीतरी बोलणार होती. पण सतरा वर्षं बाकावर काढलेली ती पोर, पांढऱ्या केसांनी 'बस' म्हटल्यावर बसली. यादी ठेवून काकाही तिच्या शेजारी जाऊन बसले. वर्ग रिकाम्या फळ्याकडे बघत राहिला. पाच मिनिटं गेली.

"तुम्ही शिकवणार ना?" तिने हळूच विचारलं.

"मी? मी शिकायला आलोय. सरांचाच पत्ता नाही अजून."

"सर नाहीत, मॅडम आहेत."

"मग कुठे राहिल्या त्या?"

"तुम्ही मागे बसवलंत."

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले प्राध्यापक डोकावून गेले. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तास संपताच ते तडक बाहेर पडले आणि सायकलींच्या आडोशाला त्यांनी एकट्यानेच डबा खाल्ला. घरी बायकोने काही विचारायच्या आतच म्हणाले, "उद्यापासून पेपर मनात वाचतो." तिला वाईटच वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते मान खाली घालून शेवटच्या बाकावर बसले. मॅडमनी यादी उघडली.

"काका, काल तुम्ही सगळ्यांना हजर केलंत, मलासुद्धा. एकाच माणसाची गैरहजेरी लागलीय."

"कुणाची?"

"तुमची."

पुन्हा हशा पिकला. या वेळी काकांनाही हसू आवरेना. मॅडमनी यादी त्यांच्या हातात दिली. "रोज तुम्हीच वाचा. तेवढ्यात मी जरा दम खाते. तुमच्यासारखा आवाज मला कुठला?"

काका वाचू लागले. स्वतःच्या नावापाशी ते अडखळले, तोच मागच्या बाकांवरून कुणीतरी थेट त्यांच्याच थाटात ते नाव पुकारलं, बंद दारापुढे पुकारावं तसं. मग सगळ्या वर्गाने पुकारलं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी काकांना हाक मारत होतं.

"हजर," काका म्हणाले. आवाज मात्र नेहमीसारखा खणखणीत निघाला नाही.

संध्याकाळी बायकोने भीतभीतच विचारलं, "झाला का एखादा मित्र?"

काकांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून एकेक नाव मोठ्याने सांगायला सुरुवात केली.

विसाव्या नावाला बायकोने पेपर आणून त्यांच्या हातात दिला.