ताईचे पैसे आणि माझी हिरवी रेघ

पैशांतलं मला कळतं. आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणालाच कळत नाही, त्यामुळे माझं कळणं जरा जास्तच उठून दिसतं. ताईने बारा वर्षं शिवणकाम करून साठवलेले पैसे बँकेत नुसते लोळत पडलेले पाहिले आणि मला राहवलं नाही.

"माझ्याकडे दे ते," मी म्हणालो. "तुझे गुडघे पार कामातून जायच्या आत तुला मशीनवरून उठवतो."

ताईला कॉम्प्युटरचं वावडं. म्हणून पैसे माझ्याच खात्यातून शेअर्समध्ये घातले. ब्रोकरच्या वेबसाइटवर आपल्या गुंतवणुकीची रोजची किंमत दाखवणारा आलेख असतो. त्यातली हिरवी रेघ अशी काही चढायला लागली की विचारू नका! अधूनमधून जरा वाकायची, पण नवा महिना उजाडला की टुणकन वर. मी तो आलेख छापून ताईच्या दुकानात आरशाशेजारी चिकटवला. गिऱ्हाइकं मापं देता देता मला विचारायला लागली, "साहेब, आता काय घ्यावं?" आणि मी सांगायचो. आठवलं की अजून कान तापतात.

एकदा ताईने गळ्यातली टेप त्या आलेखाला लावली. "काय रे, या पायऱ्या सगळ्या सारख्याच उंचीच्या कशा? आणि अंतरही सारखंच?"

"बाजाराला शिस्त असते, ताई," मी म्हणालो.

"असेल बाबा," ती म्हणाली आणि टेप पुन्हा गळ्यात टाकली.

घरी मात्र पगार पुरेना. मी महागाईच्या नावाने रोज खडे फोडायचो. बायको म्हणायची, "खर्च तर होता तेवढाच आहे." तिला अर्थशास्त्र कुठलं कळायला?

वर्ष भरलं. मी इतका मागे लागलो, की ताईने शेवटी मशीन विकून टाकलं आणि दुकानाची किल्ली मालकाला परत दिली. मग म्हणाली, "आता नफा तेवढा काढून दे. मुद्दल राहू दे."

नफ्याचा नेमका आकडा विचारायला मी ब्रोकरच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली.

"सर, तो आलेख एकूण किमतीचा आहे. त्यात तुम्ही भरलेले पैसेही धरलेले असतात."

"पण मी एकदाच भरले."

"नाही सर, दर एक तारखेला तुमच्या पगाराच्या खात्यातून येतात. खातं उघडताना तुम्हीच होकार दिला होता. खाली 'भरणा वगळून' असा चौकोन आहे, त्यावर क्लिक करा."

मी क्लिक केलं. पायऱ्या गेल्या आणि रेघ बादलीसारखी विहिरीत उतरली. वर्षभर मी माझाच पगार वर चढताना पाहून टाळ्या पिटत होतो. ताईच्या पैशांतला मात्र चौथा हिस्सा बुडाला होता.

मी ताईला जाऊन सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मशीन घेणाऱ्या बाईचा नंबर आहे का रे तुझ्याकडे?" एवढंच तिने विचारलं.

त्या बाईने मशीन परत दिलं, पण घेतलं त्यापेक्षा महाग. ते पैसे मी भरले, बुडाले तेही हळूहळू भरतोय. पण दुकान दुसऱ्याला गेलं होतं. ताई आता स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसून शिवते. उठताना ओट्याला धरते. तिला उठवतो म्हणालो होतो मी. हे मनातून जात नाही आणि जाऊही नये.

म्हणून दर रविवारी मी तिच्याकडे बटणं लावायला जातो. मागच्या रविवारी तीन तास मान मोडून काम केलं, तयार शर्टांची चळत मोजली आणि छाती फुगवून म्हणालो, "ताई, आज बारा शर्ट झाले बघ."

ताईने मशीन थांबवलं नाही.

"त्यातले नऊ मी सकाळीच करून ठेवले होते," ती म्हणाली.