डेन्मार्कवाले फडतरे डॉक्टर

फडतरे डॉक्टर चिकनच्या दुकानात शिरले की मागची रांग आपोआप शेजारच्या दुकानात जाते. कारण ते आधी कोंबडीची केस घेतात.

"हिला अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं? बंद कधी केलं?"

"साहेब, चिकन हवंय की जबाब?" दुकानदार सुरी थांबवून विचारतो.

"डेन्मार्कात असं चालत नाही," एवढं सुनावून डॉक्टर रिकामी पिशवी घेऊन परततात आणि घरी पिठलं टाकतात. एकट्यापुरतं.

डॉक्टर जनावरांचे. कोंबडीखाद्याच्या एका कंपनीतून निवृत्त होऊन नारायण पेठेत आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले. डेन्मार्क त्यांनी नकाशातच पाहिलेला.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आई मंडईत पालेभाजी विकायची, मी हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसते. हे सांगायला मला अजून आवडतं. घरी इंटरनेट आलं आणि दर रविवारी डॉक्टर हजर. "अहो पदवीधर, हॉलंडनं डुकरांची अँटिबायोटिक्स किती कमी केली, बघा जरा." मग अमेरिका, मग ब्राझील. भारताचा आकडा विचारला की म्हणायचे, "मोजायला आधी लाज वाटावी लागते."

उरलेल्या कॅप्सूल आई मसाल्याच्या डब्यात जपून ठेवायची. ते एकदा डॉक्टरांनी पाहिलं.

"वहिनी, डेन्मार्कात डुकरालासुद्धा पूर्ण कोर्स देतात!"

"मग पुढच्या जन्मी व्हा की तिकडचं डुक्कर!"

त्याच वर्षी आईला लघवीचा संसर्ग झाला. इस्पितळात दोन औषधं देऊन झाली, ताप हटेना. रिपोर्ट आला, जंतू या दोन्ही औषधांना दाद देत नव्हते; तिसरं सुरू झालं. डॉक्टर रोज बाहेरच्या बाकावर येऊन बसायचे. तोंडातून एकाही देशाचं नाव नाही.

पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला, आईनं चहा मागितला. मी धावत बाहेर आले.

"कशानं उतरला?" त्यांनी विचारलं.

मी औषधाचं नाव सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग चष्मा काढला.

"आधीची दोन्ही मी पोत्यापोत्यानं खाद्यात मिसळायला लावलीत. कोंबड्या आजारी नव्हत्या हो. वजन लवकर भरावं म्हणून." चष्मा पुसत म्हणाले, "हे मात्र कधी दिलं नव्हतं."

"आत येता? आई जागी आहे."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. दाराच्या काचेतून आईला चहा पिताना बघितलं, आणि पुन्हा बाकावर जाऊन बसले.