माझ्याच घराविरुद्ध मी

मी गप्प बसायचं ठरवलं, तिथून सगळं बिघडत गेलं.

खरं तर ठरवलं मुलीनं, फोनवरून. मी नुसतं हो म्हणालो. "बाबा, विक्रीच्या करारावर सह्या झाल्यात, इसार मिळालाय. आता ताबा देईपर्यंत तोंड उघडायचं नाही. बोलायचं ते एजंट बोलेल." जन्मभर बातमीदारी केलेल्या, मंत्र्यांना घाम फोडलेल्या माणसाला ही सूचना! (एकाच मंत्र्याला. तोही उन्हाळ्यात.)

घर विकायचं कारण साधं होतं. बायको गेल्यापासून तीन खोल्यांत मी एकटा, आणि भांडायला कोणी नाही. टीव्हीवरच्या निवेदकाशी भांडतो, पण जाहिरात लागली की तो निघून जातो. फोन येतो तो 'कर्ज हवंय का' असं विचारणाऱ्या मुलीचा. परवा मी तिला इतका वेळ धरून ठेवलं की तिनंच विचारलं, "सर, आता ठेवू का?"

म्हणून मुलीच्या इमारतीतच एक खोली पाहिली होती. या घराच्या पैशात ती काठोकाठ बसत होती. एक रुपया कमी आला असता तरी नसती बसली.

रविवारी घर घेणारा मुलगा आईला घर दाखवायला घेऊन आला. मुलगा बँकेत कॅशियर, बोलणं मऊ, सगळं मोजून मापून. सोबत आमचा एजंट. प्रत्येक वाक्याला 'शंभर टक्के' म्हणतो, म्हणून त्याचं नावच शंभर टक्के पडलंय.

आई दारातच थांबल्या. पाटीवरचं नाव त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं.

"पेपरात 'वाळूचे मजले' लिहिणारे ते तुम्हीच का?"

कित्येक वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्या क्षणी मी घर फुकट दिलं असतं.

"मीच तो," मी म्हणालो. (गप्प बसणं इथे संपलं.)

"पहिल्या पानावर यायचं. याच इमारतीवर होतं ना? 'इथे खिळा ठोकण्याआधी पलीकडच्या शेजाऱ्याला बाजूला व्हायला सांगा,' असं लिहिलं होतंत."

पाठ होतं त्यांना! माझी बायको मथळ्याच्या खाली कधी उतरली नाही. त्या मालिकेमुळे या इमारतीतले भाव कोसळले, आणि कोसळले म्हणून तर आम्हाला इथे घर परवडलं. बायको येईल त्याला सांगायची, "यांच्या लेखणीनं घरात आणलेली ही एवढी एकच वस्तू."

आई मुलाकडे वळल्या. "अरे, मग या घराला एवढे पैसे कशाला? कमी करायला सांग की."

"आई, करार झालाय. सही केल्यावर भाव करणं बरं दिसत नाही. आणि पेपरवाले जरा वाढवूनच लिहितात गं."

"शंभर टक्के!" एजंट म्हणाला. "तिखटमीठ लावल्याशिवाय पेपर खपतो का, मावशी? भिंती एकदम दणकट."

मी गप्प बसलो असतो. देवाशपथ बसलो असतो. मुलीच्या इमारतीतली ती खोली मला डोळ्यांसमोर दिसत होती. एजंटचा बूटही माझ्या पायावर होता. पण आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "वाढवून लिहिलं होतंत?"

"एक अक्षरही नाही!"

"साहेब..." एजंट कुजबुजला.

"साहेब गेले खड्ड्यात! नुसती वाळू आहे भिंतीत. थांबा, दाखवतो!"

मी आतून हातोडा आणला आणि बैठकीच्या भिंतीवर घाव घातला. काही झालं नाही. दुसरा घातला. एक पोपडासुद्धा निघाला नाही. इतकी वर्षं जिच्यावर मी आगपाखड केली, ती भिंत ऐन वेळी सूड उगवत होती.

"काका, राहू द्या," कॅशियर म्हणाला. "भिंत चांगलीय. ठरलेली किंमत आम्हाला मान्य आहे."

"मला मान्य नाही!"

"अहो, पण घर तुमचं आहे!"

"म्हणूनच मला माहीत आहे ते किती भिकार आहे!"

तिसरा घाव मी सगळा अनुभव पणाला लावून घातला. भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर आहे आणि भिंतीतून पाण्याचा पाइप जातो, हे मला तेव्हा आठवलं. पाण्याची चिळकांडी थेट शंभर टक्केंच्या छातीवर. आईंनी शांतपणे पिशवी उचलून टेबलावर ठेवली.

"बघितलंत? गळतंय!" मी विजयानं ओरडलो.

"साहेब," एजंट शर्ट पिळत म्हणाला, "आत्ता गळतंय."

पण आईंनी मान डोलावली. "यांनी लिहिलं होतं तेच खरं निघालं." त्या एका वाक्यासाठी मी किंमत कमी केली. कॅशियर नको नको म्हणत होता, मी त्याला दरडावून गप्प केलं. नव्या पुरवणी कराराचा मजकूरही मीच सांगितला. त्यातली बिल्डरला लावलेली 'निर्लज्ज', 'नरभक्षक' आणि 'नराधम' ही विशेषणं तेवढी एजंटनं हात जोडून काढायला लावली. उरलेल्या पैशात आता जी खोली येते, तिथून मुलीकडे जायला दोन बस बदलाव्या लागतात.

निघताना मी आईंना दारापर्यंत सोडायला गेलो. "त्यानंतर मी पाण्याच्या टाक्यांवरही लिहिलं होतं. त्याहून जहाल. ते वाचलंत?"

"नाही हो. ती वाळूची मालिका वाचून रात्र रात्र डोळा लागेना. मग आमच्या ह्यांनी पेपरच बंद केला. तेव्हापासून घरात पेपर नाही, झोप छान लागते."

ते गेले. मी मुख्य नळ बंद केला, फरशी पुसली. टेबलावर चहाचे चार कप होते. या घरात एका वेळी चार कप किती दिवसांनी लागले होते! एक विसळला, बाकीचे तसेच राहू दिले.

तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"झालं का हो सगळं नीट? गप्प बसलात ना, बाबा?"

मी आजूबाजूला पाहिलं. भिंतीतून अजून थेंब थेंब बादलीत पडत होते. तेवढाच काय तो आवाज.

"हो गं," मी म्हणालो. "आता बसलोय."