श्रोता पाहिजे

"लाल दिवा लागला की समजायचं, पलीकडे कुणीतरी हातातलं काम ठेवून ऐकतंय. त्याला ताटकळत ठेवायचं नाही."

थोरल्या बाईंनी हे सांगितलं त्याला अकरा वर्षं झाली. बाई गेल्या. मागे राहिली ती त्यांनी वाचनालयाच्या माडीवर थाटलेली रेडिओची खोली, भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे पुठ्ठे, लाल दिवा आणि मावशी. वस्तीच्या या रेडिओची सगळी बटणं मावशींच्या बोटांखाली असल्यामुळे सगळे त्यांना बटणमावशी म्हणत.

रेडिओ सकाळी सात ते आठ चाले. पहिली दोन मिनिटं ठरलेली: आज नळाला पाणी कधी येणार. वेळ रोज बदलायची आणि पाणी जेमतेम वीस मिनिटं टिकायचं. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घड्याळजी आजोबा एकटे राहत. चाळीस वर्षं दुसऱ्यांची घड्याळं वेळेवर आणता आणता त्यांची स्वतःची नजर गेली होती. "तुझ्या आवाजावर बादली लावतो गं पोरी," ते एकदा म्हणाले होते. "एक दिवस खाडा पडू देणार नाही," असा शब्द मावशींनी दिला होता, आणि तो पाळलाही होता.

तंटा लागला तो अगदी किरकोळ कारणाने. 'दात आणि आपण' या कार्यक्रमात दातांचे डॉक्टर सहज बोलून गेले, "हेडमास्तरांचा सुविचार लांबला, त्यामुळे अक्कलदाढ उद्यावर." दुसऱ्या दिवशी निवृत्त हेडमास्तर लेखी अर्ज घेऊन हजर. रेडिओ समितीने साधकबाधक विचार करून नियम केला: हवेवर ज्याचा उल्लेख होईल, त्याला खुलाशासाठी पाच मिनिटं मिळतील.

नियम न्याय्य होता, त्यामुळे त्यातला धोका कुणालाच दिसला नाही.

हेडमास्तरांनी नमनालाच घडाभर तेल घालून चार मिनिटं संपवली आणि पाचव्यात सांगितलं, की वेळ खाल्ला तो 'सुई-दोरा'वाल्या शिंपीणकाकूंनी. काकूंना पाच मिनिटं मिळाली. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझं माप चुकत नाही. डॉक्टरांनी कंबर किती सांगितली होती आणि निघाली किती, हे त्यांनाच विचारा." डॉक्टरांना कमरेसाठी पाच मिनिटं मिळाली. त्यांनी खानावळवाल्याला जबाबदार धरलं.

पंधरवड्यात सुविचार, दात आणि सुई-दोरा हे तिन्ही कार्यक्रम बंद पडले. खुलासे तेवढे जोमात चालू राहिले. ज्यांचा उल्लेख कुणीच करेना, ते कासावीस झाले. जिन्यावर परस्पर सौदे होऊ लागले.

"तुम्ही मला लबाड म्हणा, मी तुम्हाला म्हणतो. दोघांचं काम होईल."

"लबाड नको हो, सासुरवाडीला ऐकू जाईल. चेंगट म्हणा."

पाण्याची दोन मिनिटं सातवरून साडेसातवर सरकली, तिथून सात अठ्ठावन्नवर. मावशी तेवढ्यातही वेळ सांगत राहिल्या. मग एका सकाळी त्यांच्या हातातल्या वेळापत्रकात ती दोन मिनिटंच नव्हती. पाणी आठला येणार होतं.

"चिटणीससाहेब, पाणी राहिलं," मावशी समितीच्या चिटणीसांना हळूच म्हणाल्या.

"पाणी म्हटलं की पाणीखात्याचा उल्लेख आला. खात्याला पाच मिनिटं कुठून आणू?"

"खात्याचं नाव घेत नाही. नळाला कधी, एवढंच सांगते."

"नळ म्हणाल तर बाहेर प्लंबर टपूनच बसलाय. विषय विचाराधीन आहे, मावशी."

त्या दिवशी कारभार पारदर्शक असावा म्हणून समितीची बैठकच हवेवर चालू होती आणि हेडमास्तर, डॉक्टर, काकू माइकभोवती बसले होते. मध्येच काकूंनी खिडकीतून खाली पाहिलं. रस्ता ओस. सगळी वस्ती जिन्यावर नंबर लावून उभी.

"मग ऐकतंय कोण?" त्यांनी विचारलं.

समिती गंभीर झाली. श्रोत्याचं एक पद तातडीने निर्माण करण्यात आलं. जाहिरात लिहून दारावर लागली. जिन्यावरून तीस अर्ज आले. प्रत्येकाने आपण कसे ऐकतो हे सांगण्यासाठी पाच मिनिटं मागितली होती.

"ऐकणारे एक आहेत," मावशी म्हणाल्या. "घड्याळजी आजोबा."

मग हेडमास्तरांनी लाल दिव्याकडे बोट दाखवलं. "उल्लेख झाला. आता त्यांना पाच मिनिटं द्यावी लागणार."

"श्रोताच बोलायला लागला तर ऐकायचं कुणी?" डॉक्टर म्हणाले.

"आणि ती पाच मिनिटं कापायची कुणाची?" काकू म्हणाल्या.

यावर तिघेही एकदम बोलू लागले. मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. लाल दिवा तसाच ठेवून त्या उठल्या आणि दाराशी चपला पायात सरकवल्या. दारावरच्या जाहिरातीत एकच अट होती: अर्जदाराने मध्ये तोंड न घालता एखादी गोष्ट शेवटपर्यंत ऐकलेली असावी.

पद अजून रिकामं आहे. तुम्ही इथवर आलात, म्हणजे पात्र दिसता. मात्र वाचताना "यावर मला जरा बोलायचंय" असं मनात आलंच असेल, तर जिन्यावर रांग आहे. तुमचाही उल्लेख आत्ताच झाला.

"मावशी, माझा नंबर कधी लागेल हो?" पायरीपायरीवर लोक विचारत होते. अंग चोरून, वाट काढत मावशी खाली उतरल्या आणि रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीकडे निघाल्या. आठला सहा मिनिटं कमी होती.