चेहरा जुळत नाही

सोसायटीच्या कमिटीने पाठवलेल्या एका पत्राला मी उत्तर दिले नव्हते. खराडीतील आमच्या इमारतीला चेहरा ओळखून उघडणारे फाटक बसणार होते, म्हणून प्रत्येक रहिवाशाने आपले अधिकृत छायाचित्र सादर करावे, असे त्यात होते. माझा अधिकृत चेहरा कोणता, हे मला ठरवता येईना. तेवढ्यात मुदत संपली.

कमिटीने माझे मौन ही संमती मानली आणि मुलाच्या लग्नाच्या अल्बममधला माझा फोटो घेतला. त्या दिवशी पार्लरच्या बाईंनी वरपिता म्हणून मला धरून गोरे केले होते. भुवया कोरल्या होत्या, ओठही गुलाबी केले होते.

फाटक बसले. दूध घेऊन मी परत आलो.

"चेहरा जुळत नाही," फाटक म्हणाले.

"धोंडिबा, तुम्ही तरी मला ओळखता ना?" मी वॉचमनला विचारले.

"वळखतो की, काका. पण माझ्या वळखीला आता कोन इचारतंय!"

सेक्रेटरी सलिल जाळीपलीकडून म्हणाले, "फोटो बदलायचाय? सिंपल. ऑफिसात येऊन अर्ज द्या."

"ऑफिस कुठे आहे?"

"आत."

"मग मी येऊ कसा?"

"फोटोसारखे होऊन या."

सूनबाई अपूर्वा मेकअपचे पाउच घेऊन खाली आली. धोंडिबांच्या स्टुलावर मला बसवून म्हणाली, "बाबा, हलू नका हं."

सातव्या वर्षी मी आईच्या आरशासमोर बसून पावडर आणि लिपस्टिक लावली होती. वडिलांनी कान धरून नळाखाली नेले आणि कपड्यांच्या साबणाने तोंड घासले. "पुरुषाच्या जातीला शोभतं का हे?" त्यानंतर दाढी करतानाही मी हनुवटीपलीकडे पाहिले नाही. आता ब्रश गालावरून फिरत होता. लाज वाटली, पण हलावेसे वाटले नाही.

"स्वागत आहे," फाटक म्हणाले.

माझा रंगवलेला चेहरा पाहून शेजारचे दीनानाथ म्हणाले, "या वयात काय हे चाळे!" त्याच संध्याकाळी ते स्वतः बाहेर अडकले. त्यांनी फिल्टर लावलेला फोटो दिला होता. चौकशीत कळले की सगळ्यांनीच तसा दिला होता. ऑफिसांतून थकून आलेले, घामेजलेले चेहरे एकापाठोपाठ एक नाकारले गेले.

कमिटीने तातडीने ठराव करून फाटकाशेजारी 'प्रवेशपूर्व सौंदर्यीकरण कक्ष' उघडला. दीनानाथ ओठांचा चंबू करून रांगेत उभे राहू लागले. "जरा गालांना पण लावा," असेही म्हणू लागले. पाहुण्यांचे फोटोच नसल्याने ते मात्र आहेत तसे आत जात.

अखेर कमिटीला लाज वाटली. खऱ्या चेहऱ्याचा फोटो लावण्याची मुभा असल्याचे परिपत्रक निघाले. टाळ्या वाजल्या. अर्ज एकही आला नाही.

"काका, सुरुवात तुमच्यापासून," सलिल म्हणाले. "किती त्रास सोसलात! तुमचा साधा फोटो आजच लावतो."

"हो, आधी यांचा लावा," दीनानाथ म्हणाले. "मग आम्ही बघू."

रोज सकाळी दूध आणल्यावर गालावरून ब्रश फिरवून घेण्याची ती दहा मिनिटे माझ्या हातून जाणार, हे माझ्या ध्यानात आले. उसने धैर्य आणून मी कागद घेतला.

'मा. सेक्रेटरी, स. न. माझा सध्याचा फोटो कायम ठेवावा. मला त्रास नाही, मला आवडते. आपल्यापैकी ज्याने आपला फोटो आरशाशी ताडून पाहिला असेल, त्याने साध्या फोटोसाठी प्रथम अर्ज करावा. हे पत्र वाचून हसणाऱ्या प्रत्येकास ही अट लागू आहे.'

खाली सही केली आणि परत घेता येऊ नये म्हणून पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकले.