पेटीतली झाडूवाली

जावयाने पांढरे हातमोजे चढवले, तेव्हाच काकूंनी ओळखलं की आजची दुपारची झोप गेली. विनोदी चित्रकथांची जुनी पुस्तकं घरभर मांडली होती. पलंगावर, टेबलावर, शिवणयंत्राच्या झाकणावरसुद्धा. पानं उडू नयेत म्हणून पंखा बंद. उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत होता आणि त्यात धूळ तरंगत होती, कुठेच जायची घाई नसल्यासारखी. खिडकीपाशी आरामखुर्चीत काका डोळे मिटून पडले होते.

काकांचं केस कापायचं दुकान होतं. पोरं खुर्चीत चुळबुळ करू नयेत म्हणून ते ही पुस्तकं आणायचे. पुढे दुकान बंद झालं, खुर्ची विकली, पुस्तकं तेवढी घरी आली. आता रोज दुपारी एखादं छातीवर पालथं घालून काका झोपत आणि झोपेत हसत. कशाला हसलात म्हणून विचारलं, तर म्हणत, "आठवत नाही गं."

"आई, ही तपासणीला पाठवली ना, की ते लोक प्रत्येक पुस्तकाला दहापैकी आकडा देतात," जावई भिंगातून बघत म्हणाला. "आणि मग काचेसारख्या पेटीत कायमचं बंद करून टाकतात."

"मग वाचायचं कसं?"

"वाचायचं नसतं."

"अस्सं. मग हसायचं कुठे, पेटीकडे बघून?"

जावयाने ते ऐकलं न ऐकलंसं केलं. "फी मात्र जबर असते. म्हणून आधी ठरवायचं, कुठलं पाठवण्याच्या लायकीचं. याच्या पिना गंजल्यात. याचा कोपरा कुरतडलाय. आणि यात..." त्याने चिमट्याने काहीतरी वर धरलं. "केस."

"केस कापायच्या दुकानात काय मोती सापडणार, जावईबापू?"

एकेक करत सगळीच नापास झाली. निदान पुठ्ठ्यात नीट बांधून ठेवू, असं जावई म्हणाला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून लेक ओरडली, "आईच्या ट्रंकेत तळाशी बघा, पुठ्ठा असेल." काकू गुडघा धरून उठेपर्यंत त्याने घड्या उपसल्याही होत्या. पुठ्ठा नव्हता. जुन्या कांबळ्याखाली एक पुस्तक होतं, काल छापल्यासारखं कोरं.

काकू लगबगीने ट्रंकेपाशी आल्या. ते त्यांनीच लपवलेलं. काकूंची शाळा दोन इयत्तांत आटोपली होती, पण चित्रं कळायला शाळा लागत नाही. मधल्या पानावर एक बाई होती. टाळूवर कांद्याएवढा अंबाडा, नाकावर चामखीळ, एक हात कमरेवर, दुसऱ्यात झाडू. नवरा भिऊन पाण्याच्या टाकीवर चढलेला. अंबाडा काकूंचा, चामखीळ काकूंची, उभं राहणंसुद्धा काकूंचंच. काकांनी हे बघितलं असतं, तर जन्मभर गिऱ्हाइकांना दाखवत बसले असते. म्हणून ते आंघोळीला गेल्यावर काकूंनी त्यांच्या पिशवीतून ते काढलं आणि थेट ट्रंकेत घातलं. काकांनी एकदाच विचारलं, "नवीन पुस्तक होतं ना इथे?" पुन्हा विषय काढला नाही.

"हे तर सोनं आहे," जावई कुजबुजला. "पण आतली पानं मोजायला हवीत. एक जरी नसलं तरी पाठवण्यात अर्थ नाही."

मोजत मोजत तो मधल्या पानावर आला आणि थांबला. त्याने पानाकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी तो हळूच खाली घेतला.

जावयाला जोराचा खोकला लागला. सासुरवाडीत राहायचं तर काही हसू गिळावं लागतं.

"काय झालं हो? मला दाखवा की," लेक हात पुसत आली.

"काही नाही. पूर्ण आहेत पानं."

काकांची पापणी हलली. "काय सापडलं रे?"

"पुठ्ठा," काकू म्हणाल्या. "झोपा तुम्ही."

जावयाला त्यांनी दंडाला धरून ओसरीत नेलं. "ती पेटी मजबूत असते?"

"फारच."

"उघडत नाही?"

"फोडावी लागते. आणि फोडली की आकडा गेला."

"मग पाठवा."

"पण मघाशी तुम्हीच..."

"मघाचं मघाशी."

जावई आता खरोखरच विचारात पडला. "पुस्तकाच्या कण्याशी बारीक मोड पडलीय. डांबरगोळ्यांचा वासही येतोय. आकडा कमी आला तर फी पाण्यात."

"वास माझ्याही लुगड्यांना येतो, म्हणून माझी किंमत कमी झाली का? झाकली मूठ सव्वा लाखाची. बांधा पुडकं."

पुस्तक गेलं. बऱ्याच दिवसांनी पेटीत बसून परत आलं, माथ्यावर चिठ्ठी: साडेनऊ. लेकीने ते फळीवर उभं केलं. शेजारीपाजारी येऊन पेटीला नमस्कार करायचे तेवढे राहिले. काकू रोज सकाळी ती पेटी पुसायच्या आणि झाकण घट्ट आहे ना, हे अंगठ्याने दाबून बघायच्या.

एका दुपारी पंखा मंद फिरत होता आणि काकू फळी पुसत होत्या. काका छातीवर फाटकं पुस्तक घेऊन झोपेत हसले. मग एक डोळा उघडून त्यांनी फळीकडे पाहिलं.

"त्यांनी अर्धा मार्क का कापला, कळलं का तुला?"

"का?"

"चामखीळ डावीकडे काढलीय. तुझी उजवीकडे आहे."

काकूंच्या हातातलं फडकं थांबलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच. "कधी पाहिलंत?"

"दुकानात आलं त्याच दिवशी. घरी तुला दाखवायलाच आणलं होतं. तू ते पिशवीतून काढलंस, तेही दारातून पाहिलं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तेव्हा तुझ्या हातात झाडू होता."

काकांनी डोळे मिटले आणि पुन्हा हसू लागले. कशाला, ते आता विचारायची गरज नव्हती. काकूंचा हात आपसूक कमरेवर गेला. या वेळी त्यांनी तो तिथेच राहू दिला.