भाऊजींच्या पात्राचे वजन

रविवारी सकाळचे ऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत यायला घाई करत नसे. आधी ते ओट्याच्या कडेवर टेकायचे, मग पालथ्या घातलेल्या पातेल्यांच्या बुडांना एकेक करून हात लावत जमिनीवर उतरायचे. तिथे ते बराच वेळ रेंगाळे. फरशीतल्या जुन्या तड्याच्या बाजूने, काही आठवत असल्यासारखे सरकत राही. शेवटी खुर्चीच्या पायावरून चढत ते टेबलावर पोचे आणि मांडून ठेवलेल्या फाशांच्या पैलूंवर क्षणभर थरथरे. त्यात विशेष काही नव्हते. रोजचेच ऊन होते. पण ते टेबलावर पोचले की दाराची घंटा वाजे आणि ताई आत येई, म्हणून त्या घरात एकटा राहणारा तिचा धाकटा भाऊ त्या उन्हाकडे पाहत बसे.

ताईच्या मागोमाग भाऊजी येत. याला इलाज नव्हता.

खेळ बहीणभावांचा लहानपणापासूनचा. टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र घ्यायचे. सूत्रधाराने जंगले, किल्ले, राक्षस उभे करायचे. आपले पात्र काय करते ते खेळाडूने सांगायचे आणि ते जमले की नाही हे फाशाने ठरवायचे. सूत्रधार अर्थात धाकटा. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा हा तरुण इथे सेनापतींच्या आणि वादळांच्या आवाजात बोले. ताईची होती एक तलवारबाज. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य जखमा भरणारा साधू होत. ताईच्या लग्नानंतर भाऊजींसाठी सूत्रधाराने एक नवे पात्र घडवले, फिरता गवई. अंगात ताकद नाही, हातात शस्त्र नाही, फक्त जीभ गोड. हे पात्र पहिल्याच लढाईत मरेल असा त्यात हिशेब होता, आणि तो त्याने स्वतःपासूनही लपवून ठेवला होता.

भाऊजींचे गाद्यांचे दुकान होते. हिशेब तिथे चुकला.

पहिल्या लढाईत दरोडेखोर झाडीतून बाहेर पडले. भाऊजींनी त्यांना, असे रात्रंदिवस दबा धरून बसून कंबर धरत नाही का, असे विचारले. फासा चांगला पडला. दरोडेखोर त्यांना पुढच्या गावापर्यंत पोचवायला आले. त्यानंतर त्या जगात लढाई अशी झालीच नाही.

“मी तलवार उपसेपर्यंत ह्यांचा तह झालेला असतो,” ताई म्हणाली. “घरीही मला भांडू देत नाहीत आणि इथेही नाही.”

“तुमच्याकडे निदान शस्त्र तरी आहे,” दंतवैद्य म्हणाले. “मी जखमा भरणार. कुणाच्या?”

सूत्रधार पोटासाठी दुकानांचे वजनकाटे तपासत असे. एक पारडे जड झाले तर दुसऱ्यात भर घालावी, हे त्याला शिकवावे लागत नव्हते. पुढच्या रविवारी त्याने ताईच्या तलवारीला ज्वाळा दिल्या. परिणाम असा झाला की ज्वाळा दिसताच शत्रूने शस्त्रे खाली ठेवली आणि मध्यस्थीसाठी गवयाला बोलावणे पाठवले.

मग त्याने लांडगे आणले. लांडग्यांना भाषा नसते. भाऊजींनी आपल्या वाटची भाकरी पुढे केली आणि फासा टाकला. लांडगे ताफ्यात सामील झाले. त्यांच्या पंजांत काटे निघाले आणि दंतवैद्यांची अखेर सोय लागली. ते तासभर एकेक काटा काढत बसले, त्यामुळे ताईला जांभया देताना सोबतही उरली नाही.

त्यावर उपाय म्हणून मेलेल्यांचे सैन्य आले. मेलेल्यांना काय विकणार? भाऊजींनी थोडा विचार केला आणि त्यांना विचारले की, इतकी वर्षे उभेच आहात का. सूत्रधाराने नियमांचे पुस्तक चाळले. मेलेल्यांच्या झोपण्याविषयी त्यात काही नव्हते. मेलेले आडवे झाले.

त्या दिवशी निघताना ताई दारात थांबली. “हे बघ बाळा, पुढच्या वेळी लढाई नसेल तर त्याच्या पुढच्या वेळी आम्हीही नसू. रविवारी माणसाला झोप असते.”

ती गेल्यावर तो बराच वेळ दाराच्या कडीकडे पाहत उभा राहिला. आठवड्यातली एवढीच एक सकाळ होती.

पुढच्या रविवारी खेळ सुरू होताच एका चेटकिणीने गवयाला शाप दिला. फासा टाकायची संधीही दिली नाही. गवई मुका झाला.

“म्हणजे मी बोलायचंच नाही?” भाऊजींनी विचारले.

“नाही. शाप आहे.”

“बरं,” म्हणून त्यांनी तोंड मिटले. ते कशालाच हरकत घेत नसत, आणि सूत्रधाराची त्यांच्याविषयी हीच सर्वांत जुनी तक्रार होती.

मग ड्रॅगन आला. सूत्रधाराने त्याच्यासाठी मुद्दाम खर्जातला आवाज लावला. सोन्याच्या राशीवर पसरलेला, डोंगराएवढा, कुणाचे न ऐकणारा. ताई खुर्ची पुढे ओढून बसली. कितीतरी दिवसांनी तिचा हात फाशाकडे गेला.

तेवढ्यात मुक्या भाऊजींनी टेबलावर काल्पनिक सोने हाताने चाचपून पाहिले. मग आपली कंबर चोळली आणि भुवया उंचावून सूत्रधाराकडे पाहिले.

सूत्रधाराने पुस्तक उघडले, मिटले. नियमाप्रमाणे ड्रॅगनने आग ओकायला हवी होती.

“दुखते,” ड्रॅगन खर्जात म्हणाला.

भाऊजींनी मान हलवली. घाई केली नाही. दुकानात ते असेच थांबत असावेत.

“झोप लागत नाही,” ड्रॅगन म्हणाला. “गुहा मोठी आहे. आपलाच आवाज परत येतो, म्हणून हल्ली मी आवाज करत नाही. सोने मोजून ठेवतो. मोजले तरी सकाळ होत नाही.”

भाऊजींनी पुन्हा मान हलवली. ड्रॅगन पुष्कळ बोलला. सूत्रधाराने त्या टेबलावर आजवर केलेले ते सर्वांत लांब भाषण होते. आधी गुहेत दोघे असत, असेही त्यात येऊन गेले. दुसरे कोण, ते ड्रॅगनने सांगितले नाही.

“मग लढाई?” दंतवैद्यांनी हळूच विचारले. त्यांनी साधूच्या जखमा बांधायच्या पट्ट्या काढून ठेवल्या होत्या.

ताईने फासा खाली ठेवला. “पुढच्या रविवारी बघू. आज ह्याला बोलू दे.” मग ती ड्रॅगनकडे वळली. “गुहेत दुसरं कोण राहायचं?”

“बहीण.”

“आणि ती कुठे गेली?”

“लग्न करून गेली.”

भाऊजी शापाचे नियम पाळत गप्पच होते, आणि सूत्रधाराच्या पुढचा रिकामा पेला त्यांनी पाण्याने भरून ठेवला होता.

“नवरा कसा आहे तिचा?” ताईने विचारले.

सूत्रधाराने फाशाकडे पाहिले. या प्रश्नाला फासा नव्हता.

“चांगला आहे,” तो म्हणाला, आणि हे ड्रॅगनच्या आवाजात म्हणायचे राहून गेले.